चौघांचा खेळ



आजचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील. ज्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांची चर्चा व्हायची, तेथे संगणकावरील मारधाडीच्या खेळाला जागा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही तोच विचारला असता. नव्हे, आम्ही तो घरातच विचारला होता.

परीक्षा संपलेला आमचा नातू रात्री पडद्यासमोर बसून काळ्या राक्षसी जनावरांवर हत्यार चालवीत होता. आम्ही म्हणालो, "अरे, या कापाकापीतून तुला मिळते तरी काय?" मान न वळविता तो म्हणाला, "आजोबा, जरा थांबा. ताई पडलीय, तिला उठवायचंय." त्याची ताई शिक्षणासाठी परगावी होती. ती तिकडून आणि हा इकडून, अशी दोघे एकाच रणांगणात उतरली होती. आम्ही पुढचे वाक्य गिळले आणि खुर्ची जवळ ओढली.

त्या खेळाचे नाव 'रूबी : ग्रिम एक्लिप्स'. तो 2016 साली पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे 'रूस्टर टीथ' नावाची संस्था होती. तिने 2013 पासून 'रूबी' ही चित्रमालिका दाखविण्यास आरंभ केला होता, तिच्यावरच हा खेळ बेतलेला आहे. मालिकेत रूबी, वाइस, ब्लेक आणि यांग या चार मुली आहेत. लाल, पांढरा, काळा आणि पिवळा हे त्यांचे रंग. रूबीच्या हाती भलामोठा विळा असतो, आणि प्रसंगी त्याचीच बंदूक होते. त्यांचे शत्रू 'ग्रिम' हे आत्मा नसलेले प्राणी आहेत. माणसाच्या मनातील भीती, मत्सर आणि दुःख यांच्या वासाने ते धावून येतात. ही कल्पना मुलांची म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी आम्हांस वाटली नाही.

मालिकेचा कर्ता माँटी ओम. हा गृहस्थ शाळा अर्धवट सोडून आपल्या आपण चित्रचलन शिकला. 2007 साली त्याने दोन निरनिराळ्या खेळांतील पात्रांची झुंज रंगविणारी 'हॅलॉइड' ही चित्रफीत केली आणि ती पाहूनच लोकांना त्याचे नाव कळले. म्हणजे आधी तो खेळांचा चाहता, आणि मग कलावंत. पुढे त्याच्या मालिकेच्या एका चाहत्याने स्वतःच्या हौसेने तिच्यावर एक खेळ रचला. संस्थेने तो पाहिला आणि चाहत्याला दटावण्याऐवजी आपल्यात सामावून घेतले. त्या हौशी खेळातूनच 'ग्रिम एक्लिप्स' उभा राहिला. घेतलेल्याचे ऋण अशा रीतीने फिटले. मात्र तो पूर्ण झालेला पाहणे ओमच्या नशिबी नव्हते. 1 फेब्रुवारी 2015 रोजी, वयाच्या अवघ्या 33व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आता खेळाविषयी. आपल्याकडे 'सहकार' म्हटले की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. या खेळाचेही मर्म सहकार हेच आहे. एका वेळी चौघांपर्यंत खेळाडू एकत्र खेळू शकतात. शत्रूंच्या लाटांमागून लाटा येतात. एकाने शत्रूला भोवंडून टाकावे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी घाव घालावा, तर तो घाव एकट्याच्या घावाहून कितीतरी जबर बसतो. एखादा कोसळला, तर सोबत्याने लढाई सोडून त्याच्यापाशी जावे आणि त्याला उभे करावे. नातवाला त्या रात्री हेच करायचे होते. समोर गुण मिळविण्याची संधी होती, ती सोडून तो बहिणीकडे धावला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

याचा अर्थ खेळात दोष नाहीत, असा नव्हे. त्याच त्या लाटा, तेच ते घाव. घटकाभराने आम्हांला जांभई आली. रात्र रात्र त्यात घालविणाऱ्या मुलाच्या डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी आईबापांना वाटते, ती खोटी नाही. वेळेला बांध हवाच. आमचे म्हणणे इतकेच की, बांध घालण्यापूर्वी पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे एकदा पाहावे. आम्ही न पाहताच निकाल दिला होता, आणि तो देताना दोन भावंडांचा रोजचा दुवा तोडू पाहत होतो. मुलीला घरची आठवण येई, ती ती पत्रात लिहीत नसे, फोनवर बोलत नसे. भावाबरोबर तासभर राक्षस मारले की तिला बरे वाटे. हे तिने पुढे सुट्टीत आम्हांला सांगितले. तोवर आम्ही तिच्याशी बोलत होतो ते फक्त गुणांविषयी!

या कथेला एक शेवट आहे. 2024 च्या मार्चमध्ये 'रूस्टर टीथ' बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि त्याच वर्षी 'रूबी'चे हक्क 'विझ मीडिया' या दुसऱ्या कंपनीकडे गेले. कर्ता गेला, संस्था मोडली. कथा मात्र नव्या घरी नांदायला गेली. कलाकृती तगते ती तिच्यावर जीव लावणाऱ्यांमुळे, हे आपल्या कीर्तनाच्या आणि तमाशाच्या फडांनीही अनुभवले आहे.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर मूल पडद्यासमोर दिसले, तर रागे भरण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, "तुझ्याबरोबर कोण खेळतंय?" उत्तर ऐकून मग काय बोलायचे ते ठरवा. आमच्या घरी आता चौथी जागा रिकामी ठेवलेली असते. आमचा हात सावकाश चालतो, आम्ही वरचेवर पडतो, आणि दर वेळी दोघांपैकी कोणीतरी धावत येऊन आम्हांला उभे करते.