लोभावर प्रवचन करणारा लोभी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने चार शब्द बोलावेत असा आपला रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. पण मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकते आणि भाजी निवडता निवडता तिच्याकडून मी गोष्टी ऐकते. त्यांतली एक माझ्या मनाला फार लागून राहिली. ती इंग्लंडातली, सहाशे वर्षांपूर्वीची आहे. तीच आज सांगते.

त्या काळी तिकडे जेफ्री चॉसर नावाचा कवी होऊन गेला. तो काही मठात बसणारा नव्हे. लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीवर तो १३७४ पासून काही वर्षे अधिकारी होता. तऱ्हेतऱ्हेची माणसे त्याने जवळून पाहिली असणार. दरबारात फ्रेंचचा आणि धर्मात लॅटिनचा मान असताना त्याने लोकांच्या इंग्रजीत लिहिले. १३८७ च्या सुमारास त्याने ‘कँटरबरी टेल्स’ हा गोष्टींचा ग्रंथ आरंभला. १४०० साली तो वारला आणि ग्रंथ अपुराच राहिला.

ग्रंथाची मांडणी मोठी गमतीची आहे. लंडनजवळच्या एका खाणावळीत तीसेक यात्रेकरू जमतात. सगळे कँटरबरीला संत टॉमस बेकेटच्या समाधीला निघालेले. वाट कंटाळवाणी, म्हणून खाणावळवाला सुचवतो की प्रत्येकाने गोष्ट सांगावी, आणि ज्याची उत्तम ठरेल त्याला परतल्यावर सर्वांनी मिळून जेवण द्यावे.

या यात्रेकरूंत एक क्षमापत्रे विकणारा आहे. पोपच्या नावाची पत्रे द्यायची, पैसे घ्यायचे आणि पापाची शिक्षा माफ झाली म्हणून सांगायचे, हा त्याचा धंदा. शिवाय जवळ पवित्र वस्तूंची झोळी. काचेच्या भांड्यात डुकराची हाडे आणि म्हणायचे संताच्या अस्थी! उशीचा अभ्रा दाखवून म्हणायचे, हा मेरीमातेचा पदर!

त्याच्या प्रवचनाचा विषय कायम एकच: लोभ हे सर्व पापांचे मूळ. आणि तो स्वतः सोबत्यांना खुशाल सांगतो की मी हे प्रवचन लोभापायीच करतो. लोकांनी हात सैल सोडावेत, एवढ्यासाठीच. पैसे, लोकर, चीज, गहू, काहीही चालते. गावातल्या गरिबांत गरीब विधवेकडूनही मी घेईन, तिची पोरे उपाशी मेली तरी बेहत्तर, असे तो म्हणतो. भगिनींनो, घरचे चीज म्हणजे काय, हे पुरुषांपेक्षा आपल्याला अधिक कळेल. दूध तापवणे, विरजणे, पोरांच्या तोंडचे बाजूला ठेवणे. ते सगळे त्याच्या झोळीत!

आता त्याची गोष्ट ऐका. तीन उनाड तरुण सकाळीच दारू पीत बसले आहेत. बाहेर प्रेतयात्रेची घंटा वाजते. कळते की त्यांचाच सोबती रात्री मेला. मृत्यू नावाच्या चोराने त्याला मारले, आणि साथीत हजार माणसे नेली. इंग्लंडात १३४८ साली प्लेगची मोठी साथ शिरली होती. तिने तिसरा हिस्सा तरी माणसे नेली. चॉसर तेव्हा लहान मुलगा होता. ऐकणाऱ्यांना ही घंटा नवी नव्हती.

तिघे शपथ घेतात की आपण आजपासून भाऊ, त्या मृत्यूला शोधून ठार करू. वाटेत एक जख्ख म्हातारा भेटतो. त्याला मरण येत नाही. काठीने जमीन ठोकून तो धरणीमातेला म्हणतो, मला आत घे. हे तिघे त्यालाच दरडावतात. तो सांगतो, मृत्यू हवा असेल तर त्या वाकड्या वाटेने जा, ओकच्या झाडाखाली तो आहे.

झाडाखाली सोन्याच्या नाण्यांची रास! मृत्यूचा शोध तिथेच संपला. तो खरोखरच तिथे होता, पण यांना तो दिसला नाही.

सोने रात्रीच न्यायचे ठरते. सर्वांत धाकटा चिठ्ठी निघून गावात भाकरी आणि दारू आणायला जातो. मागे उरलेले दोघे त्याला भोसकायचे ठरवतात, म्हणजे दोनच वाटे. इकडे धाकटा औषधवाल्याकडे जाऊन उंदरांसाठी म्हणून विष घेतो. शेजारच्या गल्लीतून तीन बाटल्या उसन्या आणतो. दोन बाटल्यांत विष घालतो, तिसरी स्वतःसाठी चांगली ठेवतो. तो परततो, दोघे त्याला मारतात आणि खुशीत त्याच विषारी बाटलीला तोंड लावतात. शपथेचे भाऊ तिन्ही गेले. सोने जागच्या जागी.

अशीच गोष्ट आपल्या जातककथांत फार पूर्वीची आहे. रत्नांचा पाऊस पाडणारा मंत्र एका ब्राह्मणाला येत असतो. त्या धनापायी चोर आपसांत कापाकापी करतात. शेवटी दोघे उरतात. एक तलवार घेऊन बसतो, दुसरा भातात विष कालवून आणतो. दोघेही मरतात. चॉसरच्या गोष्टीचे सर्वांत जुने रूप हेच मानतात.

पण जातकातली कथा ऐकवणारे मुख वेगळे आणि हे वेगळे. क्षमापत्रवाला गोष्ट संपवतो आणि लगेच सोबत्यांपुढे झोळी उघडतो! म्हणतो, पहिला मान खाणावळवाल्याचा. तो इतके झणझणीत उत्तर देतो की वक्ता महाशयांची वाचाच बसते. शेवटी एक सरदार मध्ये पडून समेट घडवतो.

मग लबाडाच्या तोंडची गोष्ट खोटी समजावी काय? मला तसे वाटत नाही. गोष्ट खरीच आहे. मापात खोट आहे, तरी धान्य धान्यच. मात्र धान्य घेताना माप तपासावे.

त्याची युक्ती एकाच बळावर चाले. तो देवळात जाहीर करी की ज्याच्या हातून घोर पाप झाले असेल, किंवा जी बाई नवऱ्याशी बेइमान असेल, तिने पुढे येऊ नये. अशांना दान देण्याचा अधिकार नाही. आता सांगा, कोणती बाई जागेवर बसून राहील? बसली तर शेजारणी काय म्हणतील? म्हणून निष्पाप बाईसुद्धा उठे आणि गाठीची दमडी टाके. भक्तीमुळे नव्हे, शेजारणीच्या नजरेच्या धाकाने.

१५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने या क्षमापत्रांविरुद्ध उघड आवाज उठवला. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या हुकमाने कँटरबरीची ती समाधीही मोडली गेली. धंदे मोडले, पण शेजारणीच्या नजरेचा धाक राजाच्या हुकमाने मोडत नाही. तो आपणच मोडायचा. चार शेजारणी एकमेकींना ओळखून असल्या आणि “तू बस गं, मीही बसते” असे म्हणाल्या, तर त्या विधवेचे चीज तिच्या पोरांच्या ताटात राहील. मंडळ असावे ते याचसाठी, असे मला वाटते.