पावती मिळाली, पण माल पोचला का? रॉ आणि ब्लॉक डिव्हाइस

नाशिकहून मी बोलतेय. आज विषय डिस्कचा.

युनिक्समध्ये हार्डवेअरसुद्धा फाइलसारखं दिसतं. 'डेव्ह' डिरेक्टरीत जाऊन 'एलएस मायनस एल' मारा आणि ओळीचं पहिलं अक्षर बघा. 'बी' म्हणजे ब्लॉक डिव्हाइस, 'सी' म्हणजे कॅरॅक्टर डिव्हाइस. जुन्या युनिक्समध्ये एकाच डिस्कला दोन्ही नावं असायची. सोलारिसवर 'डीएसके'खाली ब्लॉक आणि 'आरडीएसके'खाली तीच डिस्क रॉ.

डिस्क एक, मग दारं दोन कशाला?

समजा, द्राक्षाचे क्रेट दिल्लीला पाठवायचेत. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला माल टाकला, पावती घेतली, घरी आलो. गोडाऊनवाला चार जणांचा माल गोळा करतो आणि सोयीनं गाडी भरतो. आपलं काम झटपट झालं, पण पावती हातात आली तेव्हा माल अजून नाशिकातच आहे! दुसरा रस्ता म्हणजे गाडी थेट बांधावर बोलवायची. मध्ये कोणी नाही, पण गाडीवाला सुटे घड घेत नाही, पूर्ण क्रेटच लागतात.

ब्लॉक डिव्हाइसचं गोडाऊन म्हणजे रॅममधला बफर कॅश. तुम्ही लिहिलं की कर्नल म्हणतो "झालं", आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवतो. मधल्या काळात लाइट गेली तर? पावती आहे, माल नाही. रॉमध्ये हा कॅश नसतो, डेटा थेट डिस्ककडे जातो. अट एकच, लिहिणं-वाचणं पूर्ण सेक्टरच्या पटीत, उदाहरणार्थ ५१२ बाइटच्या.

म्हणून सोलारिसवर 'माउंट'ला ब्लॉक नाव द्यायचं, 'एफएससीके' आणि 'न्यूएफएस'ला रॉ. ओरॅकलसारखे डेटाबेससुद्धा रॉ पार्टिशन वापरायचे. त्यांचा स्वतःचा कॅश असतो, आणि खात्यात पैसे जमा झाले असं सांगितल्यावर ते खरंच डिस्कवर असायला हवेत.

आता एक धोका. डिस्क माउंट असताना दुसऱ्या दारानं लिहू नका. कॅशला ते कळतच नाही. गोडाऊनची वही एक सांगते, माल वेगळाच असतो, आणि फाइलसिस्टिमची वाट लागते. आधी अनमाउंट, मग दुरुस्ती.

आज काय चित्र आहे? लिनक्सनं वेगळा रॉ ड्रायव्हर २०२१ मध्ये, ५.१४ या कर्नलमध्ये काढून टाकला. आता प्रोग्राम 'ओ डायरेक्ट' असं सांगून तीच डिस्क कॅश टाळून उघडतो. फ्रीबीएसडीनं उलट केलं, तिथे डिस्कचं ब्लॉक रूपच काढलं. कारण कॅश लिहिण्याचा क्रम बदलतो, आणि नंतर चूक झाली तर ती कुणाच्या लिखाणातली हे सांगणं अवघड होतं. मॅकवर मात्र 'डिस्क' आणि 'आरडिस्क' अशी जोडी अजून आहे. पेन ड्राइव्हवर इमेज लिहायची असेल तर 'आरडिस्क' खूप वेगात चालतो. आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइडमध्येही 'डेव्ह'खाली 'ब्लॉक' नावाची डिरेक्टरी असते.

तेव्हा लिनक्सवर 'डीडी' मारून प्रॉम्प्ट परत आला, की लगेच पेन ड्राइव्ह उपसू नका. आधी 'सिंक' मारा आणि ते संपेपर्यंत थांबा. 'डीडी'लाच 'कन्व्ह इज इक्वल टू एफसिंक' सांगितलं तरी चालेल. डिस्क पुसून लिहिण्याआधी नाव दोनदा तपासा, कारण 'डीडी' "नक्की का?" असं विचारत नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर बॅकअप घ्या, आणि तो उघडतो का तेही बघा!