पगारवाढीचा भार कोणावर?



फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या सर्व ५५ काउंट्यांतील सरकारी शाळा संपामुळे बंद पडल्या. शिक्षकांच्या खांद्याला खांदा लावून शाळांचे बसचालक व स्वयंपाकीही लढ्यात उतरले. मार्चमध्ये सरकार नमले आणि ५ टक्के पगारवाढ मंजूर झाली. परंतु सिनेटमधील रिपब्लिकन पुढाऱ्यांनी लगेच जाहीर केले, की त्यासाठी २ कोटी डॉलर्सची काटछाट करावी लागेल आणि तिची झळ मेडिकेडला, म्हणजे गोरगरिबांच्या आरोग्य योजनेला, बसेल. गव्हर्नरांनी याचा इन्कार केला. तरी डाव उघडा पडला होता. शिक्षकाला दिलेले आजारी मजुराकडून काढून घ्यायचे आणि दोघांना परस्परांविरुद्ध उभे करायचे!

त्याच मार्चमध्ये ओक्लाहोमा राज्याने संपाच्या इशाऱ्यापुढे झुकून शिक्षकांना सरासरी सुमारे ६,१०० डॉलर्सची वार्षिक वाढ दिली. तेथे तेल व वायूच्या नव्या विहिरींवरील उत्पादन कर २ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर न्यावा लागला. मात्र सोबत सिगारेट, पेट्रोल व डिझेल यांवरील करही वाढले. म्हणजे तेल कंपन्यांबरोबर कष्टकऱ्यांनाही भुर्दंड बसलाच.

यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. वाढ एकदाच जाहीर होते. तिचा भार मात्र वर्षानुवर्षे कोणीतरी वाहत असतो. म्हणून शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रात वाढीच्या आकड्याशेजारी कराचाही आकडा असला पाहिजे, आणि तो कोणी भरायचा हेही. ही बाब अर्थखात्यावर सोपविणे म्हणजे जिंकलेली लढाई अर्धी हरणे होय.