परमुलखातून घरचे स्वयंपाकघर मांडताना



घरोघरी मातीच्या चुली, अशी आपली जुनी म्हण. आता ती अर्धीच खरी राहिली आहे. मूलहून सावलीकडे आणि तेथून व्याहाडवरून गडचिरोलीकडे सडकेने जाताना जरा बाहेर पाहावे. जुन्या कवेलूच्या घरांशेजारी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. त्यांतली काही घरे बांधणारा माणूस गावात राहतच नाही. कोणी पुण्यास कारखान्यात आहे, कोणी हैदराबादेस, कोणी दुबई-मस्कतला, एखादा थेट अमेरिकेत. पैसा तिकडून येतो, घर इकडे वाढते. स्वयंपाकघराची वेळ आली की टेलिफोनवर चित्रे येऊ लागतात. ओटा असा करा, कपाटे अशी करा, मिक्सर मी येताना घेऊन येतो.

हेतू चांगलाच असतो. आईने धुरात काढलेले दिवस मुलाने पाहिलेले असतात. पण चित्रातले स्वयंपाकघर दुसऱ्या मुलखातले असते. तेथली वीज निराळी, हवा निराळी, जेवण निराळे. म्हणून दुरून स्वयंपाकघर ठरविताना काय पाहावे, कोणती वस्तू घ्यावी, कोणता दगड बसवावा, याविषयी आज आपणांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट धुराची. बाकी सारे नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या व शेगडीच्या धुरापायी २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायांचा दमा-खोकला, डोळ्यांतला मोतीबिंदू, यांच्याशी या धुराचे नाते आहे. आपल्या भागात त्यात आणखी एक भर पडते. सरपण जंगलातून येते आणि जंगलात वाघ आहे. सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या तालुक्यांत सरपणाला, मोहफुलांना किंवा तेंदूपानांना गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वारंवार ऐकतो. तेव्हा मोळी फुकट मिळते असे कोणी म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे की, बाबा, ती आणायला कोण जाते?

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. १९३६ साली फेब्रुवारीच्या अखेरीस गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीला भरले होते आणि त्याला गांधीजी स्वतः आले होते. त्याच्या थोडे आधी, १९३४ च्या डिसेंबरात, वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला होता. त्या संघाच्या मगनवाडीतून पुढे बिनधुराची मगन चूल देशभर माहीत झाली. मातीचीच चूल, आत जाळ खेळण्याची वाट, दोन-तीन भांडी एकदम चढण्याची सोय आणि मागे धुराडे. १९८० नंतरच्या वर्षांत सरकारनेही सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम चालविला. त्यांतल्या पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या. धुराडे काजळीने भरले, ते साफ कोणी केले नाही, आणि बाईने पुन्हा तीन दगड मांडले. यातून घेण्याचा धडा साधा आहे. जी वस्तू साफ करणे घरच्या माणसाला जमत नाही, ती वस्तू घरात टिकत नाही.

तेव्हा नव्या घरातही चूल राहणार असेल, आणि आंघोळीच्या पाण्याला, लग्नकार्याला ती राहतेच, तर तिची जागा आधीच ठरवा. सांदवाडीच्या बाजूला वेगळा आडोसा किंवा पडवी करा. धुराडे छपराच्या वर नीट निघू द्या आणि खालून काजळी काढण्यास एक झाकणी ठेवा. स्लॅबच्या बंद खोलीत चूल पेटवू नये. कवेलूच्या फटींतून निदान थोडा धूर निघून जात असे. स्लॅबला फट नाही.

आता गॅस. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. परंतु सिलिंडर आला म्हणून सरपण सुटले असे होत नाही. भरलेला सिलिंडर आणायला एकदम पैसे लागतात, आणि धानाचे पैसे हातात येईपर्यंत ते नसतात. परगावच्या मुलाने याचा हिशेब करावा. दहा हजारांची कपाटे कमी करून वर्षाच्या सिलिंडरांची तजवीज केली, तर आईच्या जंगलातल्या खेपा खरोखर कमी होतील.

गॅससाठी खोली कशी हवी? हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. म्हणून वरच्या खिडकीबरोबर भिंतीत खाली, जमिनीजवळ, जाळीचा एक झरोका ठेवावा. सिलिंडर उभाच ठेवावा, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंच, ओट्यावर असावी. रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती पाहावी आणि साधारण पाच वर्षांनी नळी बदलावी. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, विजेचे बटन चालूही करू नये आणि बंदही करू नये. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवावा. परदेशातून कोणी सुंदर शेगडी आणतो म्हणाला तर मात्र नको म्हणा. तिकडे पुष्कळ ठिकाणी नळाने येणारा नैसर्गिक गॅस असतो. त्या शेगडीच्या नोझलची भोके निराळ्या मापाची असतात. आपल्या सिलिंडरवर ती धड चालत नाही, आणि धोकाही आहे.

तिसरी गोष्ट विजेच्या वस्तूंची. येथे शिक्षक बंधुभगिनींनी जरा कान द्यावा, कारण हा धडा शाळेतही शिकविता येईल. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. अमेरिकेत ती १२० व्होल्टची आणि ६० आवर्तनांची आहे. अमेरिकेतली भाताची शेगडी, म्हणजे राइस कुकर, आपल्या प्लगात सरळ लावला तर काय होईल? दाब जवळपास दुप्पट, पण तापणाऱ्या तारेतली उष्णता दाबाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ती साडेतीनपटीहून अधिक होते. भात शिजण्याआधी तार जळते. मोटारीच्या वस्तूंचेही हेच. दुबईची वीज आपल्याशी जुळते, पण तिकडचा प्लग चौकोनी तीन दात्यांचा. आपल्या गोल भोकांत तो बसत नाही, आणि मग कोणीतरी वायर कापून उघड्या तारा काडीने खोचतो. हे तर सर्वांत वाईट. म्हणून वस्तूच्या मागची पट्टी आधी वाचावी. तेथे व्होल्ट, आवर्तने आणि वॅट लिहिलेले असतात. आणि तिकडची हमी इकडे बहुधा चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मिक्सरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात मुंबईतल्या सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरांच्या घरी जर्मन मिक्सर होता. तो बंद पडला. येथे तो दुरुस्त होईना. खरे कारण असे, की तिकडचे यंत्र मऊ फळे घुसळण्यासाठी केलेले, आणि आपल्याकडे त्यात हळकुंड, सुके खोबरे, भिजलेली डाळ असे सारे दळावयाचे. माथुरांनी स्वतःच दणकट मोटारीचे यंत्र बनविले. पुढे तेच सुमीत या नावाने घरोघरी गेले. यंत्र कोणत्या जेवणासाठी केले आहे हे पाहावे लागते, ते असे. आपल्याकडे लाखोळीची डाळ वाटावयाची आहे, मिरची कुटावयाची आहे. त्याला येथलेच यंत्र बरे. आणि पाटा-वरवंटा टाकून देऊ नका. लाईट गेली की तोच कामास येतो.

विजेची शेगडी, जिला इंडक्शन म्हणतात, ती आता पुष्कळ घरांत आली आहे. धूर नाही, जाळ नाही, चांगली वस्तू आहे. पण दोन गोष्टी पाहाव्या. एक, भांडे. तळाला लोहचुंबक चिकटले तरच ते भांडे या शेगडीवर तापते. आपला पितळेचा गंज, तांब्याचे पातेले, अॅल्युमिनियमचा डबा, हे तापत नाहीत. चुंबक घेऊन घरची भांडी एकदा तपासा, म्हणजे नवी किती घ्यावी लागतील ते कळेल. दुसरी गोष्ट, वायर. दोन हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास वीज ओढते. दिव्या-पंख्याचा लहान प्लग सहा अँपियरचा. तो तापतो, वितळतो. भिंत बांधतानाच सोळा अँपियरचा प्लग, जाड वायर आणि खरे अर्थिंग करून घ्यावे. गिलावा झाल्यावर भिंत फोडणे महाग पडते. दुरून पैसे पाठविणाऱ्याने कपाटाच्या रंगाची चौकशी नंतर करावी, अर्थिंगचा खड्डा झाला का हे आधी विचारावे.

चौथी गोष्ट ओट्याची. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरी १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी दोन मीटरपेक्षा थोडी कमी, लांबी साडेतीन मीटरच्या आत. आगगाडीच्या भोजनडब्यात आचारी एवढ्याशा जागेत एवढे जेवण कसे रांधतो हे त्यांनी पाहिले, आणि चूल, पाणी व चिरण्याची जागा यांमधली पावले मोजून मांडणी केली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसली. टेलिफोनवर येणाऱ्या चित्रांतला सलग ओटा हा त्याच वंशातला. पावले मोजण्याची रीत आपण अवश्य घ्यावी. पण त्या आखणीत एकटी बाई उभ्याने काम करते असे धरलेले आहे. आपल्याकडे सासू बसून भाजी चिरते, सून उभ्याने फोडणी देते, शेजारीण तांदूळ निवडू लागते. म्हणून ओट्यासमोर दोन माणसे बसतील एवढी जमीन मोकळी ठेवावी.

ओट्याची उंचीही चित्रातून घेऊ नये. अमेरिकेत ओटा साधारण ३६ इंचांचा असतो. पाच फूट उंचीच्या आपल्या बाईला त्यावर पोळी लाटताना खांदे उचलावे लागतात, आणि संध्याकाळी पाठ भरून येते. माप असे काढावे. रांधणारीने सरळ उभे राहून कोपर दुमडावे, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे, आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावे. पाच फुटी बाईला ते बत्तीस-चौतीस इंच येते. मिस्त्रीला हाच आकडा सांगावा.

दगड कोणता? कडप्पा आणि शहाबाद स्वस्त पडतात, पण दोन्ही चुनखडीच्या जातीचे. आपल्या जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरकडे ज्या चुनखडीपासून सिमेंट होते, तिचेच हे भाऊ. लिंबू, चिंच, आंबट ताक सांडून राहिले की त्यांवर पांढुरके डाग पडतात. संगमरवराचीही तीच गत. ग्रॅनाइट महाग, पण त्याला आंबटाने सहसा इजा होत नाही. पैसे बेताचे असतील तर जेथे चिरणे-वाटणे होते तेवढ्या भागाला ग्रॅनाइट आणि बाकी कडप्पा, असे चालते. दगड घेण्यापूर्वी तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून ठेवा, आणि थोड्या वेळाने पुसून पाहा.

कपाटांविषयी थोडक्यात सांगतो. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या चित्रात सुरेख दिसतात, पण आपल्या पावसाळ्यात त्या फुगतात, आणि साध्या लाकडाला वाळवी लागते. ओट्याखाली सिमेंटचे किंवा दगडाचे कप्पे करावे, दारे हवी तर सागवानाची लावावी. धानाची कणगी बुरडाकडून विणून घेतलेलीच बरी. तिला हवा लागते आणि शेणाने सारवताही येते.

आता हे दुरून कसे जमवावे? गावातल्या गुरुजींनी किंवा शिकलेल्या मुलीने एका कागदावर सहा उत्तरे लिहून परमुलखी पाठवावी. रांधणारीच्या कोपराची उंची किती? खोलीची लांबी-रुंदी किती, आणि वारा कोणत्या बाजूने येतो? पाणी नळाचे की विहिरीचे, आणि ते ओट्यापासून किती पावलांवर? दिवसात लाईट किती वेळ जाते? महिन्याला सरपण किती लागते, आणि ते कोण आणते? आणि घेतलेली वस्तू बिघडली तर मूलला, चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला ती दुरुस्त करणारा कोण आहे?

कागद लिहिताना घरातल्या बाईला शेजारी बसवावे. ज्याचे जळते त्याला कळते. तिने नको म्हटलेली वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये, आणि तिने एखादी खिडकी मागितली तर ती आधी पाडावी.