नातीचे गणित



वर्धापनदिनी बोलावयास सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आमच्या घरी महिनाभर एकच विषय चालला आहे. माझ्या नातीला गणिताची पदवी घ्यावयाची आहे, आणि तीही अशी, की शिकता शिकता एखाद्या कचेरीत प्रत्यक्ष कामही करता यावे.

एके वर्षी आमच्या कपाशीला पीकविम्याची रक्कम अपेक्षेपेक्षा फारच कमी आली. पोर वही घेऊन बसली. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढावयाची, तिला जोखीमस्तराने गुणावयाचे, म्हणजे उंबरठा उत्पन्न निघते; प्रत्यक्ष उत्पन्न त्याहून जितके कमी, त्या प्रमाणात भरपाई. मला हे समजावून ती म्हणाली, "आजी, हे आकडे जिथे मांडतात ना, तिथे मला काम करायचं आहे." तिचा हट्ट मला तेव्हा उमजला.

शिक्षण व नोकरी यांची ही सांगड नवी नव्हे. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ती घातली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून तिचा पुरस्कार केला. तेथे १९६७ साली गणिताची स्वतंत्र विद्याशाखाच निघाली. चार महिने वर्गात, चार महिने पगारी कामावर, असा तेथील क्रम. मात्र काम तेथेही कोणी आयते हातावर ठेवीत नाही. अर्ज करावे लागतात, मुलाखती द्याव्या लागतात. परदेशी मुलांचे शुल्क ऐकून तो विचार आम्ही सोडला. पण काय विचारावे, हे त्यातूनच कळले.

मग दूरच्या एका खाजगी महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक आले. मुलाने एकरभर शेत विकण्याची भाषा काढली. मी म्हटले, थांब, आधी मी बोलते. फोनवर विचारले: काम किती महिन्यांचे? विद्यावेतन किती? ते पदवीत धरतात का? गेल्या वर्षी गणिताच्या किती मुलींना मिळाले? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "आम्ही सहाय्य करतो." आणि त्या सहाय्याचे शुल्क निराळे! अभ्यासक्रमही मागविला. त्यात संगणकावरील तयार साधने पुष्कळ. बीजगणित आणि संभाव्यता मात्र चवीपुरती. उद्या ती साधने बदलली, तर पोरीच्या हाती काय राहणार? शेत विकले नाही.

आपल्याकडेही आता वाटा निघाल्या आहेत. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारीसह पदवीचे नियम केले. त्यात निदान एक सत्र प्रत्यक्ष कामाचे असून विद्यावेतनाची सोय आहे. महाराष्ट्रात नव्या धोरणाप्रमाणे साध्या पदवीतही अशा प्रशिक्षणाला श्रेयांक ठेवले आहेत. म्हणून अमरावतीस गणित आणि संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी, असे आम्ही ठरवीत आहो. नात थोडी हिरमुसली आहे, हेही सांगते. तिला पुणे हवे होते.

मला स्वतःला मॅट्रिकनंतर अमरावतीसही धाडले नाही. "पोरीला गणित कशाला?" म्हणून वही मिटली गेली. त्यामुळे माझा सल्ला निःपक्षपाती आहे असे मी म्हणणार नाही.

आता प्रश्न उरला राहण्याचा. अमरावतीच्या एखाद्या चांगल्या मुलींच्या वसतिगृहाची माहिती कोणा भगिनीस असेल, तर तिने चहाच्या वेळी मला अवश्य भेटावे.