यंत्राचा फळा आणि कामगाराचा हात



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे प्रेसशॉपमध्ये आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा जे पाहिले तेच सांगतो.

हल्ली पुष्कळ कारखान्यांत यंत्रांच्या वर पडदे लावतात. यंत्राला मोजणी करणारे उपकरण जोडलेले असते. प्रेसचा प्रत्येक ठोका मोजला जातो व आकडा लगेच पडद्यावर येतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे मागे. हा आकडा बनतो कसा? यंत्र किती वेळ चालले, किती वेगाने चालले आणि चांगला माल किती निघाला, या तिहींचा तो गुणाकार होय. समजा, ४८० मिनिटांच्या पाळीत डाय बदलण्यात ५० मिनिटे गेली, पत्रा आला नाही म्हणून ३० आणि वीज गेली म्हणून १६. म्हणजे यंत्र चालले ८० टक्के. वेग ९० टक्के, चांगला माल ९५ टक्के. गुणाकार येतो सुमारे ६८ टक्के. पडद्यावर लाल ६८! त्या ९६ मिनिटांतले एक तरी मिनिट कामगाराने खाल्ले काय? पण पडद्याखाली उभा असतो तो कामगारच, आणि सुपरवायझर जाब विचारतो तो त्यालाच.

एका कारखान्यात असे पडदे लागले. तेथील प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच ठोका पडे, म्हणजे हात डायखाली राहू नये. एका पोराने मागे पडलेला आकडा भरून काढण्यासाठी एक बटण चिंधीने बांधून ठेवले. त्याची दोन बोटे गेली. पडद्यावर एवढेच आले: यंत्र बंद, ४० मिनिटे. मंडळी, पडदे लावण्याच्या करारावर युनियनतर्फे सही माझी होती. मी पगारवाढ पाहिली. पडदा काय मोजणार, हे विचारलेच नाही.

मग मी पुस्तके धुंडाळू लागलो. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने प्रत्येक कामगाराजवळ एक लाकडी ठोकळा टांगला होता. काळी, निळी, पिवळी, पांढरी अशा त्याच्या चार बाजू. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे एक बाजू समोर ठेवत. ओवेन दयाळू मालक होता. नोंद अन्यायाची वाटली तर दाद मागण्याची सोय त्याने ठेवली होती. तरी तो ठोकळा माणसालाच मोजत होता. उलट, जपानात टोयोटाच्या कारखान्यात कामगार दोरी ओढतो आणि फळ्यावर दिवा लागतो. त्याला ‘आन्दोन’ म्हणतात. मूळ अर्थ कंदील. अडचण सुटली नाही तर सबंध लाइन थांबते. दिवा तोच, पण हाक कामगाराची आणि धावायचे वरच्यांनी.

म्हणून पडदा फोडा असे मी म्हणत नाही. तो कोणाला जाब विचारतो, ते पाहा. पुढच्या करारात आम्ही तीन कलमे घातली. यंत्र थांबल्याचे कारण कामगाराने स्वतः नोंदवावे. हाक दिल्यावर मेंटेनन्सवाले किती मिनिटांनी आले, तेही त्याच पडद्यावर दिसावे. आणि पडद्यावर यंत्राचा नंबर असावा, माणसाचे नाव नसावे. त्या आकड्यावरून कोणाला शिक्षा होऊ नये. महिन्याभरात दिसले की सर्वांत जास्त वेळ डाय बदलण्यात जातो. डाय वाहायला ढकलगाडी आली, सेटिंगला आणखी एक माणूस मिळाला. आकडा चढला, आणि बटण बांधावे लागले नाही.

तो पोरगा आता स्टोअरमध्ये आहे. भेटला की डावा हात खिशात ठेवून बोलतो. तो हात कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. म्हणून तो आपल्यापुढे ठेवावा असे वाटले.