एक शतांश सेकंद आणि 39 वर्षे

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने धावपटूविषयी बोलावे, याचे आपल्याला कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु मानवी भांडवल ही संकल्पना समजावून सांगताना मला पी. टी. उषा यांच्या कारकीर्दीची हमखास आठवण होते.

केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात 1964 मध्ये त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, बालपणी प्रकृतीही अशक्त. 1976 मध्ये राज्य सरकारने मुलींसाठी क्रीडा प्रशिक्षणाची निवासी सोय सुरू केली. कण्णूर येथील केंद्रात त्यांची निवड झाली. दरमहा 250 रुपयांची शिष्यवृत्ती, राहण्या-जेवणाची व्यवस्था आणि ओ. एम. नंबियार यांच्यासारखा प्रशिक्षक, एवढीच ती सार्वजनिक गुंतवणूक होती.

तिचा परतावा पाहा. 1980 मध्ये, वयाच्या 16 व्या वर्षी, मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सहभाग. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत 100 व 200 मीटरमध्ये रौप्यपदके. 1985 मध्ये जकार्ता येथील आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णपदके. 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताने मिळवलेल्या 5 सुवर्णपदकांपैकी 4 पदकांत, रिलेसह, त्यांचा वाटा होता.

या यशाच्या मध्यभागी 1984 चे लॉस एंजेलिस ऑलिम्पिक आहे. महिलांची 400 मीटर अडथळा शर्यत तेथे प्रथमच समाविष्ट झाली होती. उषा यांनी 55.42 सेकंदांची वेळ नोंदवली. रुमानियाच्या क्रिस्तिआना कोजोकारू यांनी 55.41. एक शतांश सेकंदाने कांस्यपदक हुकले. या शर्यतीचा उषा यांचा अनुभव तोपर्यंत थोडाच होता. गुणवत्ता आणि परिश्रम यांची उणीव नव्हती. उणीव होती ती उच्च दर्जाच्या स्पर्धांच्या सरावाची.

'चौथा क्रमांक' हे उत्तर आपल्याला पाठ असेल. माझा आग्रह आहे की 55.42 हा आकडाही लक्षात ठेवावा. या राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी विद्या रामराज यांनी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत केली ती 2023 मध्ये, म्हणजे 39 वर्षांनी! या काळात देशाची अर्थव्यवस्था कित्येक पटींनी वाढली. मग हा आकडा जागचा का हलला नाही? विक्रम दीर्घकाळ टिकणे हा खेळाडूचा गौरव असतो. व्यवस्थेच्या दृष्टीने मात्र तो इशारा असतो. राष्ट्रीय उत्पन्न वाढले म्हणजे मानवी क्षमता आपोआप विकसित होतात, असे नाही. त्यासाठी शाळेचे मैदान, पोषण, प्रशिक्षक आणि नियमित स्पर्धा यांची साखळी अखंड असावी लागते. एक केंद्र आणि एक निष्ठावान प्रशिक्षक एक उषा घडवू शकतात. त्यातून परंपरा निर्माण होत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे ही साखळी मुख्यतः राज्य आणि जिल्हा पातळीवरच जुळते किंवा तुटते. केंद्राच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवडक खेळाडूंना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य आठ वर्षे देण्याची तरतूद करण्यात आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु निवड होण्यापूर्वी मुलगी धावली पाहिजे आणि धावण्यासाठी तिला मैदान मिळाले पाहिजे.

उषा यांनी स्वतः 2002 मध्ये केरळमध्ये मुलींसाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. तेथे घडलेल्या टिंटू लुका यांनी 2014 च्या आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. अनुभवाचे भांडवल पुढील पिढीकडे कसे जाते, याचे हे उदाहरण आहे.

मित्रहो, आपल्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या निवासी क्रीडाशाळेच्या आहारभत्त्याची किंवा प्रशिक्षकाच्या रिक्त पदाची फाईल आपल्यासमोर येईल. रक्कम किरकोळ वाटेल आणि निर्णय पुढे ढकलता येण्याजोगा. त्या वेळी कण्णूरच्या त्या 250 रुपयांची आठवण ठेवा, एवढीच माझी अपेक्षा आहे.